गाडीवरचा माळा

नवऱ्याला नाही त्या हौशी आहेत हे चतुराबाईला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. पण ती हौस एक दिवस बैलगाडीच्या डोक्यावर चढून बसेल, हे काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

निमित्त झालं एका साहेबाचं. निजामाचं राज्य गेलं, नवं सरकार आलं, आणि जमिनी मोजणारे साहेब लोक गावोगाव फिरायला लागले. त्यातला एक मानवतच्या रस्त्याला लिंबाखाली उतरला होता आणि त्याच्या मोटारीच्या टपावर चक्क तंबू होता. मुंजाजी सरकी घेऊन येत होता, तो गाडी थांबवून तिथंच उभा. साहेब शिडीनं वर गेला, तंबूत शिरला, पाय पसरून झोपला. बस्स. एवढं पाहून मुंजाजी घरी आला तो मोटारीचा मालक असल्याच्या तोऱ्यात.

"ईचू न्हाई, सरप न्हाई, धूळ न्हाई," जेवता जेवता तो सांगायला लागला. "वर मस्त वारं. अन् खाली लोक नुसते बघायलेत!"

"खाली लोक हसायलेत," चतुराबाई म्हणाली आणि भाकरी जरा जोरातच थापली.

पण ऐकतो कोण! ज्वारी निघालेली, पाखरं राखायचा माळा शेतात रिकामा उभा. मुंजाजीनं तो बुडासकट उपटला आणि गाडीवर चढवला. चार खांब, वर फळ्या, फळ्यांवर कडबा, आणि सगळ्यावर पाथरीच्या बाजारातून आणलेली मिलिटरीची जुनी ताडपत्री. तिला उंदराचा वास येत होता. वर जायचं तर आधी चाकावर पाय द्यायचा, मग खांबाला लोंबकळायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. लुगडं नेसलेल्या बाईनं हे कसं करायचं, हा सवाल त्या शहाण्या माणसाला पडलाच नाही.

भुजंग सुतार येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून गेला. "मुंजाजी, माळा लय मागं गेलाय. गाडी उलाळ व्हईल बघ."

उलाळ म्हणजे मागचा भार जड होऊन पुढची दांडी वर उचलणार. बैल जुंपलेले असले तर त्यांच्या गळ्याला ओढ, अन् सोडलेले असले तर गाडी सरळ मागं कलंडणार. शेंबड्या पोरालाही कळावी अशी गोष्ट. मुंजाजीनं त्यावर तोड काढली. पुढं दांडीला सरकीचं भरलेलं पोतं आवळून बांधलं आणि हात झटकले. गाडी तोलून राहिली खरी. चतुराबाईनं कपाळाला हात लावला.

तिला या गाडीचं एवढं लागलं नसतं, पण ती गाडी कुठं निघाली होती? निघाली होती देवीच्या जत्रेला, आणि जत्रेत बायनाचा निकाल लागायचा होता.

बायना तिची एकुलती एक लेक, चुडाव्याकडं दिलेली. पंचमीला मुंजाजी तिला आणायला गेला, तेव्हा तिचा सासरा रायभान नेमका बाजाराला गेलेला. संध्याकाळपर्यंत थांबायचं सोडून या बाबानं पोर गाडीत घातली आणि निघून आला. रायभानला हे लागलं. "न इचारता नेली ना? आता त्यांनीच आणून सोडावी," तो म्हणाला. मुंजाजीला ते लागलं. "सासरच्यानं न्यायला यावं, ही रीत हाय," तो म्हणाला. झालं! पंचमी गेली, दिवाळी गेली, संक्रांत गेली, आता चैत आला, आणि पोर माहेरीच. नवऱ्याबायकोत शब्दाचं भांडण नाही, सासूचा जाच नाही, काही नाही. दोन म्हाताऱ्यांच्या अकडीपायी पोरीचा संसार वळचणीला पडला होता. आणि आता कुणीतरी येऊन सांगितलं होतं की रायभान बन्सीधरला, म्हणजे बायनाच्या नवऱ्याला, दुसरी बायको पाहायलाय.

ते ऐकल्यावर चतुराबाईनं कुणाची वाट पाहिली नाही. तिनंच एका कासाराच्या हाती निरोप धाडला. यांनी तिकडं जायचं नाही, त्यांनी इकडं यायचं नाही, तर बाबांनो, जत्रेत भेटा. जत्रा काही कुणाच्या बापाची नाही, देवीची आहे.

अशा कामाला जाताना माणसानं चारचौघांसारखं जावं की नाही? पण नाही. गाव सुटल्यापासून माणसं बांधावर उभी राहून बघत होती. कुणी विचारलं, "मुंजाजी, वरात कुणाची?" कुणी विचारलं, "वर पाखरं राखायला बसलाव का?" मुंजाजी सगळ्यांना हात उंचावून राम राम करत होता. चतुराबाई पदर ओढून खाली मान घालून बसली होती.

जत्रेत पोचल्यावर तर बघायलाच नको. माळ्यावर कोणी कूस बदलली की गाडी करकरायची. मुंजाजी लघवीला उतरला तो खाली निजलेल्या चतुराबाईच्या हातावर पाय देऊनच. ताडपत्री उन्हानं तापली की आत भाजून निघायचं, आणि सोडली की ती फडफडायची अन् बैल बुजायचे. एवढं होऊनही बायना म्हणाली, "माय, वर खरंच वारं हाय गं. अन् लांबून येणारी गाडी दिसते." ती कुणाच्या गाडीची वाट बघत होती, हे चतुराबाईला काय कळत नव्हतं?

पण कमाल पुढंच होती. कडबा पुरला नाही, म्हणून मुंजाजी त्या पोत्यातली सरकी काढून बैलांना घालायला लागला. आज एक घमेलं, उद्या एक घमेलं. चतुराबाईच्या ध्यानात आलं तेव्हा पोतं चिरगुटासारखं लोंबत होतं.

"अवो, वजन कुठाय?"

"बैलायच्या पोटात," मुंजाजी म्हणाला. "उपाशी मारू का त्यायला?"

आता वरच्या माणसानं मधोमध पडून राहिलं तर गाडी जेमतेम तोलून असायची. जरा कुणी मागं सरकलं की दांडी उचलायला लागायची. म्हणून मुंजाजीनं नवीन कायदा काढला. वर कुणी असलं की दुसऱ्यानं खाली दांडीवर बसून राहायचं. म्हणजे एकाला झोप मिळावी म्हणून दुसऱ्यानं जागं राहायचं! याला हौस म्हणतात की सजा, असं चतुराबाईनं विचारलं. त्यावर तो म्हणाला, "साहेबाच्या मोटारीला चार चाकं होती, त्याला मी काय करू?"

जत्रेच्या शेवटच्या दिवशी दुपारी रायभान आला. मागं बन्सीधर, मान खाली, पायानं माती उकरत. बायना तेव्हा वर झोपलेली, मुंजाजी दांडीवर बसलेला.

"राम राम, इवाई."

"राम राम, राम राम!" मुंजाजी उठता उठता थबकला. तसाच एका हातानं दांडी दाबून धरून त्यानं दुसऱ्या हातानं घोंगडी ओढली आणि दांडीवर पसरली. "या, बसा. न्हाई न्हाई, तिकडं नगं. हितंच बसा. हितं सावली हाय."

रायभान दांडीवर टेकला, तेव्हाच मुंजाजीनं हात काढला. चतुराबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा माणूस पाव्हण्याला मान देतोय की त्याचं वजन वापरतोय? आणि वर बायना! सून साधी बाजेवरसुद्धा बसत नाही सासऱ्यासमोर, इथं तर ती त्याच्या डोक्यावर. आता तिनं उतरायचं तरी कसं? सासऱ्यादेखत चाकावर पाय टाकून? ताडपत्रीच्या फटीतून बायनाचे डोळे दिसले. चतुराबाईनं ओठावर बोट ठेवलं आणि चूल फुंकायला बसली.

"आमी काय न्यायला आलो न्हाई," रायभाननं सुरुवात केली. "देवीला आलतो. तुमची गाडी दिसली. न दिसून काय करती, गाडीवर घर बांधलंय."

"लय सोय व्हती त्याची," मुंजाजी खुशीत म्हणाला. "ईचू न्हाई, सरप न्हाई..."

"अवो, कामाचं बोला ना!" चतुराबाई चुलीपाशी पुटपुटली.

कामाचं बोलणं निघालं, आणि निघालं तसं गोल गोल फिरायला लागलं. तुमी न इचारता नेली. तुमी घरी नव्हता. मग थांबायचं व्हतं. मग न्यायला यायचं व्हतं. तुमची लेक, तुमी आणून सोडा. तुमची सून, तुमी घेऊन जा. चतुराबाईनं चहात दोनदा गूळ टाकला. चहा उतू गेला, तरी यांचं पंचमीच्या पुढं सरकत नव्हतं. दोघांच्याही डोक्यात एकेक हंडा पाणी ओतावं असं तिला वाटलं. बन्सीधरनं उभ्या उभ्या एकदा ताडपत्रीकडं बघून घेतलं. त्याला दिसलं होतं वर कोण आहे ते, पण तो बोलला नाही.

शेवटी रायभाननं मांडीवर थाप मारली. "मग ऱ्हाऊ द्या तुमची लेक तुमच्यापशी. आमाला काय पोरींचा दुष्काळ पडलाय का? बन्सीधर, चल!"

आणि तो उठला.

तो उठला तशी त्याच्या मागोमाग दांडीपण उठली. गाडी करकरली, माळा मागं झुकला, वरून तांब्या घरंगळत खाली आला आणि त्याच्यामागून बायनाची किंकाळी, "माय गं!"

रायभानचं सगळं आयुष्य बैलगाडीवर गेलेलं. दांडी उचलताना दिसली आणि त्यानं काही विचार केला नाही. अंग टाकून दिलं तिच्यावर. पटका उडून चुलीजवळ पडला. दांडी पोटाशी कवटाळून तो लोंबकळला, आणि गाडी पुन्हा तोलावर आली.

"कोण... कोण हाय वर?"

"बायना हाय," चतुराबाई म्हणाली.

"बायना? माझ्या डोक्यावर?"

"तुमच्याच भरवशावर."

"बन्सीधर! मागून धर गाडी! ऐकू येतंय का न्हाई?"

"येतंय," बन्सीधर म्हणाला आणि जागचा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बापाचं ऐकलं नाही.

मुंजाजी चाकाकडं धावला. चतुराबाई त्याच्या आडवी आली. तिला काय झालं होतं कुणास ठाऊक, पण इतक्या महिन्यांचा वैताग असा घशाशी आला होता की आता लाज नाही, शरम नाही. "तुमी एक पाऊल पुढं टाकू नका. लय केली हौस. बायने, उतरू नको!"

"माय, अगं..."

"उतरू नको म्हणले ना! इवाई, पंचमीपासून माझी पोर अशीच लटकलीय. हे म्हणतेत तुमी न्या, तुमी म्हणता यायनं आणावी. आज ना हे तुमच्या दारात आले, ना तुमी आमच्या. पोर तुमच्या हातात हाय. सोडायची असली तर सोडा. मी काय बी म्हणणार न्हाई."

आजूबाजूच्या गाड्यांवरची माणसं गोळा झाली. रायभानला घाम फुटला. उठावं तर पोर पडते, बसावं तर हार होते.

"अवो इहीणबाई, असं काय करायल्या? पडंल ना! हातपाय मोडंल!"

"मोडू द्या. तुमाला काय पोरींचा दुष्काळ हाय?"

"अवो, माझी सून हाय ती!" म्हातारा ओरडला. आवाज फाटला त्याचा. "माझी सून हाय! नेतो मी, आज नेतो, आता नेतो. आधी तिला खाली घ्या, हात जोडतो... हात सोडता येईना, न्हाई तर जोडले असते!"

आता कुठं बन्सीधर हलला. कुणी न सांगता मागं गेला आणि माळ्याच्या खाली खांदा दिला. बायना पदर दातात धरून हळूहळू उतरली आणि सासऱ्याच्या पाया पडली. म्हातारा अजून दांडी धरूनच होता.

"आणखी कुणी न्हाई ना वर?" त्यानं विचारलं. सगळे हसले, तेव्हा तोही हसला. बायनानं चुलीजवळचा पटका उचलून झटकून त्याला दिला.

उन्हं कलायच्या आत चतुराबाईनं लेकीची ओटी भरली. मुंजाजी शेजारी येऊन उभा राहिला. मुद्दा काही सुटत नव्हता. "बघ, आला का न्हाई माळा कामाला?"

"घरी गेल्यावर आणखी येईल," चतुराबाई म्हणाली. "सरपणाला."

रायभानची गाडी जुंपून तयार झाली. चतुराबाईनं लेकीला छातीशी धरलं आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू एकदम आलं. रडता रडता तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "मेले, जीव गेला असता ना! निवांत मधी पडलेली होतीस. मागं कामून सरकलीस?"

बायनानं मायच्या कानाशी तोंड नेलं. "मग काय करू? उठून निघाले होते ना ते," ती म्हणाली आणि डोळे पुसून गाडीत जाऊन बसली.