देव्हाऱ्यातली मेणाची वडी

मी एक जुनी मेणाची वडी आहे. प्रयोगशाळेत मला ब्लॉक म्हणतात. मित्रांनो, माझ्या पोटात पाली गावच्या चंद्राबाईंच्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा आहे. मग मी चंद्राबाई की त्यांचा आजार? हे मला अजून उमगलेले नाही.

१९९९ साली पुण्याच्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला. चंद्राबाईंची गाठ औषधाला दाद देईना, म्हणून मला दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचे ठरले. त्यांचे यजमान चिमाजी मला डबीत घालून निघाले. पण प्रयोगशाळा सोमवारी उघडणार होती, म्हणून ते एसटीने मला घरीच घेऊन गेले.

"बायकूच्या अंगाचं हाय, कुठंबी कसं ठिवायचं?" असे म्हणत त्यांनी मला देव्हाऱ्यात बसवले, हळदकुंकू वाहिले आणि अगदी शेजारी समई लावली. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही. त्या मानानेच मी वितळू लागले.

"आवं, ती कडंनं पाघळतीया," अंथरुणावरून चंद्राबाई म्हणाल्या, म्हणून मी वाचले.

सोमवारी प्रयोगशाळेतल्या कुलसुमबाईंनी मला उजेडात धरून निरखले. त्या मूळच्या भोरच्या. चिमाजी हात जोडून उभे होते.

"तुकडा शाबूत हाय, काका. मेण नवं घालते. बसा."

मग माझे पातळ पापुद्रे काढून त्यांनी काचेवर चढवले आणि त्यांना रंग दिला. माझा पापुद्रा गडद तपकिरी झाला. मला वाटले, छान झाले. पण सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या तिथल्या डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"पेशीत ग्लुटाथिओन असतं, ते पेशीला विषापासून राखतं," कुलसुमबाईंनी चिमाजींना समजावले. "ते बनवणारं विकर, म्हंजी एन्झाइम, ह्या गाठीत लई हाय, म्हणून रंग एवढा गडद. राखण चाललीय, पर गाठीची. म्हणून औषध लागू पडत नसंल."

अभ्यास अजून अपुरा आहे, खात्री देता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. तरी त्यांनी औषध बदलले. मी मात्र पुरती गोंधळले. राखण करणे वाईट कसे असेल?

पुढे चार वर्षे मी खणात पडून होते. कोणी विचारले नाही. चंद्राबाई आहेत की गेल्या, तेही कळेना. त्या काळात मला फार एकटे वाटले.

एके दिवशी खण उघडला. समोर चंद्राबाई स्वतः उभ्या होत्या. कुलसुमबाईंनी मला त्यांच्या तळहातावर ठेवले.

"ह्यात मी हाय, का ती गाठ?"

"दोन्ही, मावशी."

चंद्राबाईंनी मला कुलसुमबाईंच्या हातात परत दिले. "मग जपून ठिवा," त्या म्हणाल्या, "पर हितंच ठिवा."

मित्रांनो, मी कोण ते मला अजूनही कळत नाही. पण माझेही मागणे तेवढेच आहे. मला जपा, आणि समईपासून लांब ठेवा.