कागदी जहाजाचा बोया

मी एक जुना बोया आहे, जहाजं बांधायला पाण्यावर तरंगत ठेवलेला. लोखंडाचा, पोटातून पोकळ, आणि खोटं कशाला सांगू, चांगला हत्तीएवढा. मला पाण्यात सोडलं त्या दिवशी सिंगापूरजवळची जोहोरची सामुद्रधुनी दोन्ही काठांना वीतभर चढली होती. एका मगरीने मला मागणीही घातली. पण माझ्या पायात समुद्राच्या तळापर्यंत साखळी. मी कुठला नांदायला जातोय?

मित्रांनो, एक महायुद्ध संपलं होतं आणि दुसऱ्याला अवकाश होता, तेव्हाची ही गोष्ट. साहेबांचं आरमार त्यांच्या देशात, आणि राखायचं होतं इकडचं सिंगापूर. म्हणून असा बेत ठरला, की शत्रू आला तर आरमार तिकडून निघेल आणि इथे येऊन उभं राहील. त्यातलं सगळ्यात मोठं जहाज माझ्या कडीला बांधायचं. तोवर मी जागा राखायची. दुसरं काही बांधायला सक्त मनाई. जंतान नावाचा मलय खलाशी दरवर्षी माझ्या अंगावरचे शिंपले खरवडी, लाल रंग देई. मी नवरदेवासारखा नटून बसे. जहाज काही येत नसे.

जहाज नसलं तरी सराव होई. काठावरच्या खोलीत साहेब लोक नकाशावर लाकडी जहाजं सरकवत. त्यातलं एक नकाशावरच्या माझ्या खुणेपाशी पोचलं, की जंतान माझ्या डोक्यावर निळं निशाण लावी. म्हणजे जागा भरली.

अशाच एका सरावाच्या दुपारी सेमान कोळी माझ्याकडे आला. जंतानच्या थोरल्या बहिणीचा, बेदाचा हा नवरा. त्याच्या होडीचं सुकाणू मोडलं होतं आणि पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. तिकडून येणाऱ्या वादळाला इथे सुमात्रा म्हणतात. ते घटकाभरच टिकतं, पण होडी उलटायला तेवढं पुरतं. सेमानने घाईघाईने दोर माझ्या कडीत ओवला. जंतान वल्हं मारत धावला.

"दाजी, दोर सोडा. आज इथे जहाज आहे."

"कुठंय?"

"नकाशावर."

"मग त्याला म्हणावं, जरा सरकून बस."

जंतानला हसू आलं, ते त्याने गिळलं. "चेष्टा नको. साहेब दुर्बीण लावून बसलाय."

"बसू दे की. माझा सलाम सांग त्याला. वारा पडला की जातो."

जंतानने काठाकडे बावटे हलवून विचारलं. उत्तर आलं, जागा भरलेली आहे, होडी हटवा. साहेब दुष्ट नव्हता, मित्रांनो. नकाशात होतं ते त्याने सांगितलं.

"होडी सोडा आणि माझ्यात या, दाजी."

"होडी घालवून घरी गेलो तर तुझी बहीण मलाच शिजवेल. आणि उद्यापासून मासे काय हाताने पकडू?"

जंतानने एका हाताने कडी धरली. मग त्याने दोर सोडला. "खाडीच्या तोंडाकडे धरा," तो म्हणाला. "पोचाल तुम्ही."

मी सगळं पाहत होतो. एरवी गप्पांत मी मगरींना लोळवतो, पण त्या वेळी मला माझी कडीसुद्धा मिटता आली नाही. दोर तिच्यातून सरसर निघून गेला.

सुमात्रा आली आणि गेली. संध्याकाळी होडी पालथी सापडली. सेमान सापडला नाही.

सरावाचा निकाल मात्र उत्तम लागला. माझ्या कडीला बांधलेलं मोठं जहाज वादळात सुखरूप राहिलं, अशी नोंद झाली. साहेबांनी माझी तारीफ केली आणि मला नवा रंग द्यायला सांगितलं.

जंतान रंग द्यायला आला तेव्हा बेदा त्याच्या होडीत होती. ती रडली नाही. माझ्या आसपासच्या मोकळ्या पाण्याकडे बघत तिने विचारलं, "जहाजाला काही लागलं नाही ना रे?"

जंतानने कुंचला खाली ठेवला. त्या वर्षी मी अर्धाच रंगलो.

पुढे युद्ध खरोखर आलं. माझं जहाज आलं नाही. आता मी काठावर गंजत पडलो आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागणं एवढंच आहे, मित्रांनो. मला हात नव्हते, तुम्हाला आहेत. कुणी तुमच्याकडे दोर टाकला तर आधी तो धरा. जागा कुणाची, ते वारा पडल्यावर विचारा.