मयुरीच्या कंपनीची सोयरीक

जीवराम नानांना जगातल्या दोनच गोष्टी कळतात, केळी आणि सोयरीक. बाकी सगळं ते या दोहोंपैकी एकात बसवून घेतात. पुण्याहून गुंतवणूकदार येणार असं मयुरीनं सांगितलं, तेव्हा नानांनी आधी विचारलं, "संगं आनखी कोन कोन येतं?"

मी त्यांचा शेजारी. पाहुणे आले की मला बसायला बोलावतात, कारण मी कमी बोलतो असा नानांचा गैरसमज आहे.

मयुरी ही नानांची धाकटी. इंजिनिअर झाल्यावर तिनं पिंप्राळ्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन अ‍ॅप काढलं. केळीच्या पानाचा फोटो टाकला की करपा रोग आपल्याला दिसायच्या आत ते सांगतं. अ‍ॅप गुणी होतं, पण गुणांवर पगार होत नाहीत. हा पैसा आला नाही तर कंपनीला कुलूप आणि मयुरी पुण्यात नोकरीला, हे ठरल्यातच जमा होतं. पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं.

गुंतवणूकदार निनादसाहेब गावी आले, बाग पाहिली, पांढरे बूट चिखलात घातले. लताबाईंनी, म्हणजे मयुरीच्या आईनं, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. साहेबांनी भरीत मागून घेतलं. मयुरीचे आकडे पाहून ते खूश झाले, कराराचं बोलू लागले आणि तेवढ्यात नाना खाकरले.

"साहेब, मी तुमची चौकशी केली."

मयुरीचा चेहरा उतरला. साहेबांनी आधी कुठं पैसा घातला ते तिनंच कौतुकानं घरी सांगितलं होतं. स्थळाची करतात तशी नानांनी पाहुण्यारावळ्यांत फोनाफोनी केली आणि त्यातल्याच एका कंपनीचा, धुळ्याचा जीवन नावाचा पोरगा शोधून काढला.

"त्यानं कंपनी काढली, अन् तुमी त्यालेच काढलं म्हनता. काहून?"

"करारानं संचालक मंडळाला तो अधिकार होता," साहेब म्हणाले.

"अधिकार सासूलेबी असतो. पन पोरगी नांदवनार का घालवनार, हे आधी इचारलं पाह्यजे."

मी पंख्याकडे पाहू लागलो. साहेब मयुरीकडे वळले. "हा प्रश्न तुमचा की वडिलांचा?"

वडील जुन्या वळणाचे आहेत, एवढं तिनं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी तेच म्हटलं असतं.

"माझाच," मयुरी म्हणाली. "तुम्ही निघून जाल या भीतीनं विचारला नव्हता. माझ्या संमतीशिवाय मला काढता येणार नाही, असं लिहून हवं."

साहेब फोन घेऊन अंगणात गेले. नाना लेकीला समजावू लागले, "नाही जमलं तं दुसरं स्थळ पाहू."

"दुसरं स्थळ नाहीये, नाना," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. नाना खांद्यावरच्या उपरण्याची घडी घालू लागले. मला त्यांचा रागही आला आणि दयाही.

बऱ्याच वेळानं साहेब आत आले. "कलम बदलतो," ते म्हणाले. "जीवनच्या बाबतीत आम्ही घाई केली. त्याच्यासाठी असं कुणी विचारलंच नाही."

आता नानांनी हो म्हणायचं की नाही? पण मुलीकडच्यांनी लगेच होकार द्यायचा नसतो. नाना सवयीनं म्हणाले, "बरं, इचार करून कळवतो."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. हे वाक्य एरवी तेच लोकांना ऐकवत असत.

"कळवायचं काही नाही," मयुरी घाईनं म्हणाली. "मला पसंत आहे."

नानांनी उपरणं डोळ्यांना लावलं. चार वर्षं एकेक पोरगा दाखवून ते लेकीच्या तोंडून हेच ऐकायची वाट पाहत होते.