बेचाळिसावी डबी

शहरातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या तोंडात माझं काम आहे. गेली तेवीस वर्षं मी कवळ्या करते. डॉक्टर हिरड्यांचा ठसा पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणात दात रचते, अ‍ॅक्रिलिक शिजवते, घासूनपुसून परत धाडते. माणसाशी बोलावं लागत नाही, हे मला या धंद्यातलं सगळ्यात जास्त आवडतं.

पहिली टॅरँटुला, म्हणजे ती मोठी केसाळ कोळीण, मला आमच्या लॅबमधल्या भुंग्याने दिली. पॉलिशच्या मोटरवर बसून दिवसभर भुणभुणायचा, म्हणून तो भुंगा. त्याच्या बायकोला दिवस गेले आणि तिने बजावलं, या घरात एक तर ती आठ पायांची राहील नाहीतर मी. भुंग्याने म्हणे दोन दिवस विचार केला. तेवढं ऐकूनच मी शहाणं व्हायला हवं होतं.

तळहाताएवढी, तपकिरी, गुडघ्यांवर केशरी पट्टे. काचेच्या पेटीत मातीवर बसलेली. आईने दारातच कपाळावर हात मारला. "अगं, नवरा आण, नवरा आण म्हणून वीस वर्षं घसा कोरडा केला मी, आणि तू ही बया आणलीस?" तेच नाव पडलं. आई माझ्याकडेच राहायची. दादाच्या घरी वहिनीच्या शिस्तीत तिचा जीव रमत नसे, आणि मलाही घरात कुणीतरी बोलणारं लागायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

चार महिन्यांनी बयेने खाणं सोडलं. रातकिडा अगदी पुढ्यात टाकला तरी ढुंकून बघेना. मग एका रविवारी दुपारी बघते तर पाय वर करून उताणी पडलेली. मी चक्क हमसून रडले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, एका कोळ्यासाठी! शेवटी नाक पुसलं, चिमटा घेतला आणि तिला उचलून टाकायला गेले, तर आईने माझं मनगट धरलं.

"थांब. हात लावू नकोस. मघाशी पाय हलला तिचा."

तिने खुर्ची ओढली आणि पेटीसमोर बसली. विणकाम मांडीवर, पण एक टाका घातला नाही. चहाची वेळ झाली तेव्हा बया जुन्या कातडीतून हळूहळू बाहेर आली, ओली, फिकट, आधीपेक्षा मोठी. "झाली बाई मोकळी," आई म्हणाली, जणू शेजारणीचं बाळंतपण उरकलं होतं.

त्या दिवशी मला नाद लागला. आई घरात नसती तर मी एक जिवंत जीव कचऱ्यात टाकला असता आणि सुटले असते.

एकीच्या सात झाल्या, सातांच्या एकेचाळीस. मागची खोली त्यांची झाली. त्यांना ऊब लागते म्हणून घरातला एकुलता एक हीटरही तिकडे गेला, आई अंगावर दोन शाली घेऊ लागली. तिचं शिवणयंत्र गॅलरीत गेलं. लॅबमधून आले की मी थेट त्या खोलीत. प्रत्येक डबीला चिठ्ठी, तिच्यावर नाव आणि 'शेवटचं खाणं' म्हणून तारीख. कात टाकायला आलेल्यांना वर एक लाल चिठ्ठी, 'छेडू नये'. या छंदातला पहिला नियमच तो. खात नसेल तर घाबरायचं नाही, मागे लागायचं नाही. पाणी ठेवायचं आणि बाजूला व्हायचं.

हा नियम मी माझ्या आईला लावला.

ती ताटावरून उठायला लागली. "भूक नाही गं." दूध प्यायची, सूप प्यायची, आणि खोलीत जाऊन पडायची. बोललीच तर तोंडावर पदर धरून. मला वाटलं, रुसलीय. आदल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं होतं, तुझं कपाट हलवू या का, मोठी पेटी ठेवायला जागा हवीय. रुसवा काय, निघेल आपोआप. मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवत राहिले. वर स्वतःचं कौतुकही वाटायचं, की मी इतर मुलींसारखी खा खा करून जीव खात नाही.

एका संध्याकाळी ती मागच्या खोलीच्या दारात आली. "वेळ आहे का गं जरा?" माझ्या चिमट्यात डाळीएवढं पिल्लू होतं. मी मान न वळवता म्हटलं, "आत्ता नको आई. दार लाव, गार हवा येतेय." तिने दार लावलं.

जेवण सोडल्याच्या तेविसाव्या दिवशी ती न्हाणीघरात पडली. इस्पितळात नर्सने तिचं तोंड उघडून पाहिलं. "यांची कवळी कुठंय?" मला माहीत नव्हतं. ती फॉर्म भरत होती. "तुम्ही काय करता?"

"कवळ्या," मी म्हटलं. तिचं पेन थांबलं.

आई पडल्या पडल्या बोलली, "तडा गेला तिला. टोचायची. तुझ्या फळीवर ठेवलीय. रोज एकेक डबी बघतेस, म्हटलं दिसेल."

"अगं पण तोंडाने सांगायचंस ना!"

"आले होते की."

घरी जाऊन मी डब्या मोजल्या. बेचाळीस. त्याच महिन्यात नवी पिल्लं आली होती, त्यांच्या मागच्या रांगेत, झाकणाला भोकं पाडलेली, तशीच एक. नव्या पिल्लांना उघडून बघायचं नसतं, म्हणून मी वरून नुसतं पाणी शिंपडत होते. तिच्यावरही शिंपडलं असणार. आत ओल्या कापसात कवळी होती. कवळी कोरडी पडू देऊ नये, हे मीच आईला शिकवलं होतं. बाहेर माझ्याच चिठ्ठीवर तिचं वळणदार अक्षर होतं. 'आई. शेवटचं खाणं', आणि तारीख. तीन आठवड्यांपूर्वीची.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तडा सांधायला वीस मिनिटं लागली. घेऊन धावत गेले, पण बसेना. आई एवढी वाळली होती की हिरड्याच आटल्या होत्या. मी दोनदा बसवून पाहिली, ती दोनदा पडली. दादा उभा होता, माझ्याकडे बघतही नव्हता. इस्पितळातून तो तिला आपल्या घरी घेऊन गेला.

परवा भेटून आले. वहिनीने तिला नवी कवळी करून घेतलीय, दुसऱ्या लॅबची. पुढचे दात अंमळ लांब झालेत. मी असते तर घासून कमी केले असते. आई पोळी चावून चावून खात होती. मला म्हणाली, "बया कशी आहे?" एवढंच विचारलं, आणि परत खाऊ लागली.

बया बरी आहे. सगळ्या बऱ्या आहेत. गुरुवारी मी खायला घालते आणि तारखा बदलते, एकेचाळीस डब्यांच्या. बेचाळिसावी तिथेच आहे, तिची तारीख तीच. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच फळीवर असतो, आईच्या हाताशी होता. तिने आपल्या डबीला 'छेडू नये' लावलं नव्हतं.