एडिट करायचा हक्क

सुनेत्रा आपटे सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत डिझाइन टीमची मॅनेजर झाली, तेव्हा पुण्याहून काम करणारे तिघे तिच्या हाताखाली आले. त्यांतला एक प्रबोध सहस्रबुद्धे. आठ वर्षांपूर्वी पुण्यात त्यानेच तिला काम शिकवलं होतं, आणि चारचौघांत "हिला साधे रंग कळत नाहीत" असंही तोच म्हणाला होता. ती ते विसरली नव्हती.

तिने रोजची मीटिंग सकाळी नऊला ठेवली. पुण्यात तेव्हा साडेसहा वाजलेले असत. प्रबोधने वेळ बदलायला सांगितली, तर म्हणाली, "इथे सगळ्यांना नऊच सोयीचं आहे." ते खरं नव्हतं. त्या दिवसापासून तो तिला 'मॅडम' म्हणू लागला.

काम होतं सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाच्या स्क्रीनचं. फाइल ऑनलाइन, दोन्हीकडची माणसं एकाच वेळी तिच्यात काम करत. भांडण पेटलं ते 'थांबवा' या बटणावरून. प्रबोधने ते मोठं, लाल, खाली एकटं ठेवलं होतं. सुनेत्राने ते लहान करून 'डोस वाढवा'च्या शेजारी नेलं. दुसऱ्या दिवशी बटण परत खाली. तिने पुन्हा वर नेलं. असं चार वेळा झालं.

"नर्सच्या हातात ग्लव्ह्ज असतात, मॅडम," प्रबोध मीटिंगमध्ये म्हणाला. "भलतंच बटण दाबलं जाईल."

"तुम्ही सिंगापूरचं हॉस्पिटल बघितलंय का?"

"बोटं सगळीकडे सारखीच असतात."

कोणीतरी हसलं. मीटिंग संपताच सुनेत्राने त्याचा एडिट करायचा हक्क काढून टाकला. आता त्याला फाइल नुसती बघता येत होती.

गुरुवारी सिंगापूरच्याच नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात चाचणी झाली. सहा नर्सेस, औषधाच्या जागी साधं पाणी. तिघींनी पंप थांबवायला जाऊन डोस वाढवला. त्यांच्यातली वयस्क नर्स ग्लव्ह्ज काढत म्हणाली, "धिस वन कॅनॉट, लाह." म्हणजे, हे चालायचं नाही.

सुनेत्राने टॅक्सीतच लॅपटॉप उघडला, प्रबोधचं बटण जसंच्या तसं परत आणलं आणि आपल्या साहेबांना, लिमना, मेल केली: 'चाचणीनंतर मी डिझाइन सुधारलं आहे.'

शुक्रवारी लिमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. मग प्रबोध मराठीत बोलला, "चोरी करायलासुद्धा मीच शिकवलं का गं तुला?"

पुण्याचे दोघे खाली बघत राहिले. लिमनी विचारलं, तो काय म्हणाला? सुनेत्रा इंग्रजीत म्हणाली, "त्याला डिझाइन आवडलं."

सोमवारी प्रबोधचा राजीनामा आला. सोबत कोणी, कधी, काय बदललं याची फाइलमधली सगळी नोंद होती. लिमनी ती वाचून सुनेत्राला एवढंच सांगितलं, "त्याला थांबव."

तिने फोन लावला. "हक्क परत देते. राहा."

"आधी माफी माग. सगळ्यांसमोर."

त्याचं म्हणणं रास्त आहे हे तिला कळत होतं. म्हणूनच जास्त चीड आली.

"रंगांबद्दल तुम्ही मागितली होती?"

"कसले रंग?"

त्याला आठवतही नव्हतं. तिने फोन कापला.

प्रबोध गेला. पुण्याच्या उरलेल्या दोघांनी महिन्याभरात दुसरी टीम मागून घेतली. पंप बाजारात आला, तेव्हा सुनेत्रा एकटीच त्या फाइलवर काम करत होती.