दोन बोटांचा फरक

सकाळी बन्सीनं चिकलठाण्यातलं गॅरेज उघडलं, तर गंगापूरचे साहेबराव काळी जीप टोचन करून दारात उभे. अपघातातली म्हणून स्वस्तात घेतलेली. थोरल्या प्रेरणाचं लग्न रविवारी होतं आणि जावयाला चारचाकी कबूल केली होती.

बन्सी दोरी घेऊन गाडीखाली शिरला. चेसीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, दोन्हीकडून माप घेतलं. दोन बोटांचा फरक; चेसी वाकली होती. उजव्या दांडीला तडाही होता.

"पंधरा दिवस लागतील. चेसी न तापवता, मापं घेत आधी हळूहळू ओढून सरळ करायची. मग तड्याचा तुकडा कापून नवा बसवायचा."

"गॅसनं तापवा की. बाकीचे दोन दिवसांत देतात."

"तापवलं की लोखंड मऊ पडतं, भाऊ. सरळ दिसंल, पण धक्का सोसणार नाय."

"दिसली म्हंजी झालं. मांडवासमोर उभी करायचीय."

बन्सीनं नकार दिला. पुतण्याला हुंड्यात मिळालेली गाडी त्यानंच अशी दोन दिवसांत तापवून दिली होती. कन्नडच्या रस्त्यावर ती पुढून दुमडली, तेव्हा आत बन्सीची बायको सरूबाई होती; ती जागीच गेली. त्यानंतर त्यानं गॅस पेटवला नाही.

साहेबरावांनी गाडी दुसरीकडं नेली.

रविवारी बन्सी दोरी घेऊन गंगापूरला गेला. जीप झेंडूनं मढवली होती. वऱ्हाडादेखत खाली शिरून त्यानं माप घेतलं आणि वरबाप काकासाहेबांना सांगितलं, "ही चालवू नका. माणूस मरंल."

काकासाहेब साहेबरावांकडं वळले. "आमच्या सुदर्शनच्या जिवाशी खेळ व्हय, इवाई? नवी कोरी द्या, नायतर आम्ही निघालो."

त्या गाडीत प्रेरणाही बसणार होती, हे कुणाच्या तोंडी आलं नाही. साहेबरावांनी टोपी काढून हात जोडले आणि महिन्यात नवी कबूल केली.

बन्सी नवरीच्या खोलीच्या दारात गेला. "पोरी, नाय म्हण. अजून टाइम हाय."

"मग माझ्या धाकट्या बहिणीला, सायलीला कोण करून घेईल, काका?" प्रेरणा म्हणाली. "तुम्ही गप बसला असता, तर जुन्यावरच भागलं असतं."

अक्षता पडल्या.

दीड महिन्यानं गॅरेजसमोर एक पांढरी जीप थांबली. मालक फर्दापूरचा.

"स्वस्तात मिळाली. जरा एका अंगाला ओढतीया."

बन्सी खाली वाकला. पांढऱ्या रंगाच्या कडेला काळा दिसत होता. तडा तोच.

"लग्न कधी हाय?"

"शुक्रवारी," तो माणूस खूश झाला. "या की तुम्ही पण. पत्रिका हाय गाडीत."

पत्रिका हातात आल्यावर बन्सीनं आधी नवरीचं नाव शोधलं.