पूर्वसूचना दिली होती का?

प्रश्न ४. ओळखपत्रे कामगारांच्या स्वतःच्या ताब्यात आहेत का?

मागल्या आठवड्यात सुलक्षणानं इथं 'नाही' दाबलं होतं. टॅबवर, दौंडजवळच्या एका गुऱ्हाळात उभ्या उभ्या. कोरेगाव भीमाची तिची कंपनी गुळाची चिक्की परदेशी पाठवते. तिकडच्या गिऱ्हाइकांना खात्री हवी असते, की गुळामागं वेठबिगार नाही. ती खात्री करण्याचा पगार सुलक्षणाला मिळतो. आणि गुऱ्हाळ मारुतरावांचं, तिच्या आईच्या चुलतभावाचं. म्हणजे मामाचंच.

मामा उसाचा ट्रॅक्टर बघायला गेले तेवढ्यात चिपाडं वाळत घालणारी बाई जवळ आली. धुरपदा. किनवटकडची.

"ताई, आमची कार्डं मालकाच्या कपाटात हायत. फोनबी. मह्या लेकीचे दिवस भरलेत, पहिलटकरीण हाय. मालक म्हणतो, हंगाम संपल्याबिगर हलायचं न्हाई. एक जण पळाला तर त्याला मोटारसायकलवर घालून आणला."

तिच्या हातात टोपडं होतं. जुन्या लुगड्याच्या काठाचं, अर्धं शिवलेलं.

"बुधवारी परत येते," सुलक्षणा म्हणाली. "कार्ड हातात देऊन, दौंडला गाडीत बसवूनच जाईन."

"कोणत्या बुधवारी?"

"ह्याच."

दुसरी भेट न सांगता द्यायची असते. तेव्हा जे दिसेल, त्यावरून कंपनी सरकारी अधिकाऱ्यांना बोलावते. नियम साधा. पहिलीत जाणाऱ्या पोरालाही कळेल असा.

प्रश्न ९. कामगारांना हवे तेव्हा

(हा प्रश्न पुढं. आधी मंगळवार.)

मंगळवारी वडगाव रासाईत आई भाकरी थापत होती.

"मामाच्या दारात न सांगता जाणार? पाव्हणी हायेस का फौजदार?"

"आई, कामाचं आहे."

"काम तुझं, भाऊ माझा. तुझ्या बारशाला पाळणा कुणी आणला? फोन कर. न्हाईतर मला त्या घरात तोंड दावायला जागा न्हाई."

सुलक्षणानं फोन केला. तपासणीचं नावही काढलं नाही. "मामा, उद्या जेवायला येते," एवढंच. आईची रीत राहिली, कंपनीचा नियमही राहिला, असं तिला वाटलं. खरंच वाटलं.

"ये की गं," मामा म्हणाले. "मामी मासवड्या करंल."

प्रश्न ९. कामगारांना हवे तेव्हा काम सोडून जाता येते का?

बुधवारी गुऱ्हाळ शेणानं सारवल्यासारखं चकचकीत होतं. भिंतीवर औषधांची नवी पेटी. काहिलीपाशी गावातलीच तीन माणसं, तिघांच्याही खिशात आपापलं कार्ड. विचारायच्या आधीच दाखवली.

"मामा, बाकीची माणसं?"

"गेली की गावाला. आपल्याकडं जबरदस्ती न्हाई, बाई. तूच लिहून घे."

चिपाडाच्या ढिगावर टोपडं पडलं होतं. सुई टोचलेली, दोरा लोंबतोय. पहिल्या नातवंडाचं टोपडं टाकून कुठली आजी आपल्या पायानं गावाला जाईल?

ताटावर मामीनं मासवडी वाढली आणि अगदी कौतुकानं म्हणाली, "काल रातीच टेंपोत घालून शिरूरकडं धाडली सगळी. ह्यांच्या पाव्हण्याची वीटभट्टी हाय तिकडं. म्हणले, सुलू येतीय, घरात गर्दी नको. एक बाई लई रडत होती बघ. बुधवारपत्तर राहू द्या म्हणत होती."

मामा हसले. "घे गं अजून एक. कंपनीत असं मिळतं व्हय?"

घास गिळला तिनं. उठता आलं असतं. उठली नाही. ताट टाकून उठत नाहीत.

हात धुऊन, बांधावर जाऊन तिनं साहेबांना फोन लावला.

"वीटभट्टी?" सत्यजीत साहेब म्हणाले. "मॅडम, आपण विटा विकतो का? आपली पुरवठादार नाही ती. आज जे दिसलं तेवढंच भरा."

"आज काहीच दिसलं नाही, सर."

"मग छानच की!"

प्रश्न ३१. पुरवठादाराला भेटीची पूर्वसूचना दिली होती का?

शेवटचा प्रश्न. आधीच्या शेऱ्यात तिनं सगळं लिहिलं होतं: धुरपदा, किनवट, कपाट, टेंपो, भट्टी. शंभर अक्षरांत मावेना म्हणून शब्दांची शेपटं कापून लिहिलं होतं. आता 'नाही' म्हटलं तर अहवाल पुढं जाणार होता. खोटा, पण पुढं.

तिनं 'होय' दाबलं.

तपासणी अवैध. भरलेली माहिती रद्द. पुढील भेट: पुढचा हंगाम.

पडदा पांढरा. प्रश्न ४ कोरा. प्रश्न ९ कोरा. शेरा कोरा.

भीमा ओलांडून स्कूटी शिरूरकडं निघाली. डिकीत टोपडं. मामी पाव्हण्यांचं नाव सांगायला लागली होती, मामांनी डोळे वटारले तशी भांडी गोळा करायला उठली. त्यामुळं दिसेल तिथं थांबायचं, एवढंच हातात होतं. पहिली भट्टी, दुसरी, चौथी. सगळ्यांचा धूर सारखा, वाकून विटा थापणाऱ्या पाठी सारख्या.

पाचव्या भट्टीवरचा मुकादम तंबाखू मळत म्हणाला, "धुरपदा? इथं नावानं कुणी वळखत न्हाई, ताई. कार्ड हाय का तिचं?"

सुलक्षणानं टोपडं पुढं केलं.

त्यानं ते उलटून पाहिलं. "ह्याच्यावर फोटू कुठं हाय?" म्हणाला, आणि परत दिलं.